ओली बाळंतीण, ओले टाके

दवाखान्यातून घरी आल्याचा दुसरा दिवस. आतल्या खोलीत कॉटवर लेक पडलेली आणि कुशीत सहा दिवसांचे बाळ. बाळंतपण सिझेरियनने झालेले. आई ताट घेऊन येते. ताटात बाजरीची भाकरी, तिच्यावर तूप, लसणाची चटणी आणि शेपूची भाजी. वरण नाही, भात नाही, लिंबाची फोडसुद्धा नाही.

"आई, थोडा वरणभात दे ना गं," लेक म्हणते.

"अगं, टाके ओले आहेत अजून. भाताने पू धरतो. सव्वा महिना कळ काढ."

"निदान अंघोळ तरी करू दे. घामाने जीव नकोसा झालाय."

यावर दाराशी उभ्या असलेल्या आजी म्हणतात, "टाके निघेपर्यंत अंगाला पाणी लागायचं नाही. आधी शेक घे बाई, म्हणजे आतून सुकेल."

तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावतात आणि हळद-तेलाचा बोळा टाक्यांवर ठेवायला सांगून जातात. संध्याकाळी जावईबापूंचा फोन येतो. त्यांच्या ऑफिसातल्या कोणीतरी औषधाच्या दुकानात मिळणारी पावडर शिंपडायला सांगितलेली असते. दवाखान्यातून मिळालेला कागद मात्र उशाशी घडी करून ठेवलेला आहे. त्यावर तीनच ओळी आहेत. जखम कोरडी ठेवावी, जड उचलू नये, आठव्या दिवशी दाखवावे. कोरडी म्हणजे किती कोरडी आणि जड म्हणजे किती जड, हे विचारायचे राहून गेले आणि सांगायचेही.

घर इंदूरचे असो, बडोद्याचे असो की साताऱ्याचे, हे चित्र फारसे बदलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातल्या १०० बाळंतपणांपैकी साडेआठ सिझेरियनने होत होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण १७.२ वर गेले आणि २०१९-२१ मध्ये २१.५ वर. म्हणजे पाचातली एक बाळंतीण आज पोटावर टाके घेऊन घरी येते. बाळंतपणाच्या रीती मात्र पोटावर टाके नसलेल्या बाळंतिणीसाठी ठरलेल्या होत्या. त्या रीती जशाच्या तशा या नव्या बाळंतिणीला लावल्या की अडचण सुरू होते. घरातल्या प्रत्येकाची माया खरी असते, पण त्या मायेपोटीच कधीकधी बरी होत आलेली जखम बिघडते.

टाका नेमके काय करतो?

टाक्यांनी जखम भरत नाही. टाका म्हणजे फाटलेल्या दोन कडा एकमेकींना चिकटवून धरणारा हात. भरून आणण्याचे काम शरीरालाच करावे लागते. ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे जे आठ प्रकार सांगितले आहेत त्यांपैकी 'सीव्य', म्हणजे शिवणे, हा एक आहे. शिवण्यासाठी वनस्पतींचे तंतू, केस, स्नायू असे नाना प्रकारचे धागे तेथे सांगितले आहेत. आतड्याची जखम काळ्या मुंग्यांना चावायला लावून त्यांच्या डोक्यांनी मिटवावी, असाही उपाय आहे. पुढे 'कॅटगट' आला. त्याच्या नावात मांजर असले तरी तो मेंढीच्या किंवा गाईगुरांच्या आतड्यापासून बनतो. आता कृत्रिम, आपोआप विरघळणारे धागे सर्रास वापरले जातात.

सिझेरियनमध्ये पोट एका थरात शिवलेले नसते. गर्भाशयाला टाके वेगळे, पोटाच्या स्नायूंवरच्या चिवट आवरणाला वेगळे आणि वरच्या त्वचेला वेगळे. आतले टाके विरघळणारे असतात. आपल्याला दिसते ती फक्त वरची शिवण. आठव्या दिवशी वरचे टाके निघाले की घरात सर्वांना हायसे वाटते. "सुटली बाई एकदाची," असे म्हणून दुसऱ्या दिवसापासून कामाला हात लावायची मुभाही मिळते. वास्तविक आतले काम तेव्हा कुठे सुरू झालेले असते.

त्वचेच्या कडा नीट जुळल्या असतील तर दोन दिवसांत त्यांच्यावर नव्या पेशींचा पातळ पापुद्रा धरतो. पहिले तीन-चार दिवस थोडी सूज आणि कडेने थोडी लाली असते. ती रोगाची नव्हे, दुरुस्तीची खूण आहे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून शरीर 'कोलॅजन' नावाच्या प्रथिनाचे धागे विणू लागते. हीच खरी शिवण. आठवडा संपतो तेव्हा त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी असते. तीन महिन्यांनी ती सत्तर ते ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचते. पूर्ववत शंभर टक्के ती कधीच होत नाही. दुखणे मात्र बहुधा दोन-तीन आठवड्यांत कमी होते. दुखणे थांबले म्हणजे जखम भरली, ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

पाणी, साबण आणि पट्टी

'कोरडी ठेवा' याचा अर्थ 'अंघोळ करू नका' असा नाही. पहिले ४८ तास पट्टी हलवू नये, भिजवू नये. त्यानंतर जखम स्वच्छ आणि मिटलेली असेल व डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर अंगावर पाणी घेऊन अंघोळ करायला हरकत नसते. तांब्याने किंवा शॉवरने कोमट पाणी वरून वाहू द्यावे. साबणाचे पाणी टाक्यांवरून ओघळले तरी चालते, पण जखमेवर साबणाची वडी किंवा घासणी फिरवू नये. टबात किंवा तलावात बसणे मात्र टाळावे. बराच वेळ पाण्यात राहून त्वचा मऊ पडते आणि कडा सैल होतात. अंघोळीनंतर धुतलेल्या मऊ पंचाने टिपून घ्यावे, पुसू नये. तो पंचा फक्त तेवढ्यासाठीच ठेवावा.

सिझेरियनचा छेद बहुधा ओटीपोटावर आडवा असतो. बाळंतपणानंतर सुटलेल्या पोटाची वळी नेमकी त्याच्यावर येते आणि तेथे घाम साचतो. दिवसातून दोन-तीनदा उताणे पडून वळी अलगद वर उचलावी आणि पाच-दहा मिनिटे हवा लागू द्यावी. एवढ्याने बरेच काम होते. आणखी एक बारीकशी गोष्ट आहे, जी दवाखान्याच्या कागदावर कधी लिहिलेली नसते. ती म्हणजे परकराची नाडी. परकराची किंवा सलवारीची नाडी अगदी टाक्यांच्या रेषेवर काचते. महिनाभर सैल सुती गाऊनच बरा. आजेसासूबाई येणार म्हणून साडी नेसायचीच असेल तर नाडी छेदाच्या बरीच वर बांधावी आणि पाहुणे गेले की सोडावी.

पट्टी रोज बदलायची की नाही, हे जखमेवर अवलंबून असते. कोरड्या, मिटलेल्या जखमेला दोन-तीन दिवसांनंतर पट्टीची गरज बहुधा उरत नाही. पट्टीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराने सहकाऱ्यांना हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले होते. त्या काळी सहकाऱ्यांना त्याचे म्हणणे फारसे रुचले नाही. घरातल्या मोठ्यांनाही "आधी हात धुवा" म्हटलेले रुचत नाही, पण म्हणावेच लागते.

राहिला काकूंच्या हळदीचा प्रश्न. हळद हे जखमेवरचे आपले पिढ्यान् पिढ्यांचे औषध, यात शंका नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणाचे पेटंट दिले गेले. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. पण हा गुण भारतीयांना आधीपासून माहीत होता, एवढेच त्या लढाईत सिद्ध झाले. फोडणीच्या डब्यातली, चमचा बुडवून बुडवून वापरलेली हळद ताज्या टाक्यांवर दाबावी, असे त्यातून मुळीच निघत नाही. ती हळद निर्जंतुक नसते. तेलाबरोबर तिचा थर बसतो, त्याखाली घाम कोंडतो आणि लाली आली तरी पिवळ्या रंगाखाली दिसत नाही. पावडरीचेही तेच. तिच्या खपल्या धरतात आणि आत काय चालले आहे ते कळत नाही. निर्भेळ डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी जंतूंबरोबर नव्याने उगवणाऱ्या पेशीही मरतात. डॉक्टरांनी मलम लिहून दिले असेल तर ते लावावे. नसेल तर काहीही न लावणे हाच उपचार आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो उपचार वाटत नाही, ही खरी अडचण.

भाताने पू होतो का?

नाही. पू म्हणजे जंतूंशी झगडून मेलेल्या पांढऱ्या पेशी, मेलेले जंतू आणि गळालेला पेशीजाल. जंतू बाहेरून येतात. हातांवरून, कपड्यांवरून, त्वचेवरून, क्वचित शस्त्रक्रियेच्या वेळी. भाताच्या शिताचा त्याच्याशी संबंध नाही. ही समजूत केवळ मराठी घरांतच आहे असेही नाही. हिंदी मुलखातही टाके पडले की 'चावल बंद' होतात. शस्त्रक्रिया कसलीही असो, अपेंडिक्सची वा हर्नियाची, पथ्याची यादी घरोघरी तयार असते. भात नको, डाळ बादते, वांगे-बटाटा वातूळ, दही-ताक थंड, लिंबू-चिंच आंबट म्हणून टाके पिकतात, अंडे उष्ण. या यादीवर एकदा शांतपणे नजर टाकली तर ध्यानात येते, की जखम भरायला जे जे लागते तेच नेमके ताटातून काढून घेतले आहे.

कोलॅजन हे प्रथिन आहे. ते विणायला अन्नातून प्रथिने मिळावी लागतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत त्याहून सुमारे १७ ग्रॅम अधिक. एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम मिळतात. वरण, उसळ, दूध, दही, अंडी, मासे यांतले एकही ताटात नसेल तर हा हिशेब भाकरी-तुपावर जुळायचा नाही. बाळासाठी दूध बनवायचे आणि स्वतःची जखमही भरायची, ही दोन्ही कामे त्या शरीराला एकाच तुटपुंज्या शिधापाण्यावर करावी लागतात. आणि शरीर बहुधा आधी बाळाला देते.

आंबटाची कहाणी तर याहून बोलकी आहे. कोलॅजनचे धागे पक्के व्हायला 'क' जीवनसत्त्व लागते. इंग्लंडचा जॉर्ज अॅन्सन हा दर्यावर्दी १७४० ते १७४४ या काळात जगप्रदक्षिणेला निघाला होता. ताजी फळे-भाजी न मिळाल्याने त्याच्या जहाजांवर स्कर्व्हीने हाहाकार माजवला. या सफरीचा वृत्तान्त १७४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका वयस्क खलाशाची हकिगत आहे. पन्नास वर्षांपूर्वी, १६९० च्या बॉइनच्या लढाईत झालेल्या त्याच्या जखमा कधीच भरून आल्या होत्या. त्या स्कर्व्हीत पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. भरलेली जखमही शरीर सतत डागडुजी करून टिकवत असते आणि सामान संपले की ती उसवते, हे यातून दिसते.

जवळपास दोनशे वर्षांनी बोस्टनच्या जॉन क्रँडन या तरुण शल्यविशारदाने हा प्रयोग स्वतःवरच केला. १९३९-४० मध्ये सुमारे सहा महिने त्याने 'क' जीवनसत्त्व नसलेलेच अन्न खाल्ले. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली मात्र वरून मिटली तरी आत भरेना. मग 'क' जीवनसत्त्व दिले आणि ती भरून आली. घरात सव्वा महिना आंबट बंद केल्याने कोणाला स्कर्व्ही होत नाही, हे खरे. पण आवळा, पेरू, लिंबू, संत्रे, मोसंबी ही फळे टाके असलेल्या बाईच्या समोरून मुद्दाम उचलून न्यायचे कारणही उरत नाही. आपल्याकडचा पेरू या बाबतीत संत्र्यापेक्षाही कितीतरी सरस आहे आणि स्वस्तही.

याचा अर्थ बाळंतिणीचे पारंपरिक खाणे टाकाऊ आहे असा नव्हे. अळिवात लोह आहे, नाचणीत कॅल्शियम आहे, डिंकाच्या लाडवात खारीक, खोबरे आणि बदाम आहेत. बाजरी, मेथी, शेपू हे सारे उत्तमच. लाडू अवश्य द्यावेत, पण वरणाच्या जागी नव्हे, वरणाच्या जोडीला. पाणी कमी देण्याची रीतही सोडायला हवी. पाणी कमी, भाजी कमी आणि तूप भरपूर, असे झाले की बद्धकोष्ठ होते. मग शौचाला कुंथावे लागते आणि तो सगळा ताण पोटाच्या ओल्या शिवणीवर येतो.

मधुमेही माणसाच्या बाबतीत ही गोष्ट आणखी काटेकोर आहे. रक्तातली साखर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात आणि जखम रेंगाळते. गरोदरपणात साखर वाढली होती अशा बाळंतिणीने लाडवांतला गूळ-साखर डॉक्टरांना विचारूनच खावी. आणि तंबाखू. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची जखम उशिरा भरते, हे पुष्कळांना माहीत असते, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात. पण महाराष्ट्रात अनेक बायका दातांना मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात. विचारणाऱ्याने 'मिश्री लावता का' असे विचारायला हवे.

शेक, धुरी आणि पोट बांधणे

शेकाने बाळंतिणीला बरे वाटते. कंबर मोकळी होते, झोप लागते. परंतु सिझेरियनच्या छेदाभोवतीच्या त्वचेच्या बारीक नसा कापल्या गेलेल्या असतात. त्यामुळे ओटीपोटाचा तो भाग कित्येक आठवडे, कधी महिनेसुद्धा, बधिर असतो. तेथे रबरी पिशवी किंवा शेगडीवर तापवलेला कपडा ठेवला तर चटका बसल्याचे तिला कळतच नाही. फोड आल्यावर कळते. शेक द्यायचाच तर पाठीला, पायांना द्यावा, पोटाला नको. धुरीचा धूर बाळाच्या नाजूक फुप्फुसांत जातो आणि सुती कपड्यांच्या खोलीत निखारे ठेवणे हाही एक धोकाच. मालीश करायची तर हातापायांची करावी. टाक्यांच्या आसपास तेल नको.

पोट बांधण्याबद्दल डॉक्टरांनाच विचारावे. काही जण बेताचा पट्टा वापरायला सांगतात. त्याने खोकताना, चालताना आधार वाटतो. पण जुन्या लुगड्याने आवळून बांधल्यास जखमेवर घाम कोंडतो, श्वास पुरता घेता येत नाही, आणि पोट आत जाते म्हणावे तर तेही त्याने जात नाही.

उठणे, बसणे, उचलणे

पडून राहणे म्हणजे विश्रांती, हा समजही अपुराच आहे. शस्त्रक्रियेनंतर लवकर चालू लागल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो, पोटातला वायू सरतो. म्हणून घरातल्या घरात फिरावे. मात्र अंथरुणातून उठताना सरळ कमरेतून उठू नये. आधी कुशीवर वळावे, पाय कॉटखाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने उठून बसावे. खोकला, शिंक किंवा हसू आले तर पोटावर उशी दाबून धरावी. जमिनीवर अंथरूण घातलेले असेल तर काही दिवस कॉट किंवा दिवाण मिळवावा. उकिडवे बसून उठणे टाळता आले तर टाळावे.

आणि 'जड' म्हणजे किती? पहिले सहा आठवडे आपल्या बाळापेक्षा जड काही उचलायचे नाही, असे साधे माप आहे. पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलोची असते. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. टाकीसकट त्याचे वजन तीस किलोच्या आसपास भरते. नळाला पाणी सकाळी तासभरच येते अशा घरात हे पथ्य बाळंतीण एकटी पाळू शकत नाही. ते घरच्यांनीच पाळायचे असते. ओला कपड्यांचा ढीग, थोरले मूल कडेवर घेणे, गादी उलटणे, ही कामे 'कामे' म्हणून कोणी मोजत नाही, म्हणून ती विशेष लक्षात ठेवायची. थोरल्याला मांडीवर घ्यायचे तर त्याने कॉटवर चढून यावे.

नेहमीच्या बाळंतपणातही खाली टाके पडतात. ते विरघळणारे असतात, काढावे लागत नाहीत. तेथे लघवी-शौचानंतर पाण्याने पुढून मागे धुवावे, टिपून कोरडे करावे, पॅड चार-सहा तासांनी बदलावे. कोमट पाण्यात बसून शेक घेतल्यास ठणका कमी होतो. या टाक्यांबद्दल बायका लाजेने बोलत नाहीत आणि त्रास अंगावर काढतात.

टाके कधी काढावेत?

सगळ्या टाक्यांना एकच मुदत नसते. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तेथले टाके साधारण पाच दिवसांत निघतात. डोक्याचे आणि हाताचे सात ते दहा दिवसांत. पाय, पाठ आणि गुडघ्या-कोपरासारखे सांधे यांना दहा ते चौदा दिवस लागतात. सिझेरियनचे वरचे टाके काढायचे असतील तर आठवड्याच्या आसपास. लवकर काढले तर जखम तोंड उघडते. फार उशीर केला तर टाक्यांच्या भोकांत त्वचा वाढते आणि शिडीसारखे वण कायमचे राहतात. मूल रडेल म्हणून कपाळाचे टाके पंधरा दिवस लांबवणारे आईबाप असतात. मुलगी मोठी झाली की तिला ते वण रोज आरशात दिसतात. नखे कापायच्या कात्रीने किंवा ब्लेडने घरीच टाके काढणारे महाभागही आहेत. गाठीची कोणती बाजू कापायची हे चुकले की बाहेरचा मळका धागा आतून ओढला जातो.

मूल पडून खोक पडली असेल तर टाक्यांबरोबर धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. लसी पूर्ण झालेल्या असतील तर स्वच्छ जखमेला दहा वर्षांनी आणि माती-शेणाने माखलेल्या जखमेला पाच वर्षांनी पुन्हा डोस लागतो. कुत्र्याच्या चाव्याची गोष्ट निराळी. तेथे "टाके का घालत नाही?" म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालू नये. ती जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची असते. टाके शक्यतो टाळतात किंवा लांबवतात, कारण सुईबरोबर रेबीजचे विषाणू खोल जाऊ शकतात. लस त्याच दिवशी सुरू करावी लागते आणि रक्त आलेल्या चाव्याला जखमेभोवती द्यायचे सीरमही लागते. तिखट, चुना यांतले काहीही भरू नये.

वण पहिले काही महिने लालसर आणि उंच दिसतो, खाजतो. वर्षभरात तो बहुधा फिका पडतो. तो जखमेच्या बाहेर पसरून गाठीसारखा वाढू लागला तर त्याला केलॉइड म्हणतात आणि सावळ्या वर्णाच्या लोकांत तो जास्त आढळतो. तो वेळीच दाखवावा.

केव्हा थांबू नये

जखमेत जंतू शिरले असतील तर ते बहुधा पहिल्या-दुसऱ्या दिवशी नव्हे, पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास उघडकीला येते. नेमके तेव्हा पेशंट घरी असतो. पहिल्या दोन दिवसांत पट्टीवर थोडेसे पातळ, गुलाबीसर पाणी आले तर घाबरू नये. पण कमी झालेले दुखणे पुन्हा वाढू लागले, लाली पसरत चालली, जागा गरम लागू लागली, पिवळा-हिरवा स्राव किंवा दुर्गंधी आली, १००.४ अंशांवर ताप गेला, तर आठव्या दिवसाची वाट पाहत बसू नये. बाळंतिणीच्या अंगावरून जाण्याला घाण वास येणे हेही असेच लक्षण आहे. दुकानातून अँटिबायोटिक आणून दोन गोळ्या देण्याने ताप दबतो, पू दबत नाही.

पोटाच्या टाक्यांतून अचानक भसकन गुलाबी पाणी आले, 'काहीतरी सुटल्यासारखे' वाटले, तर आतली शिवण उसवलेली असू शकते. अशा वेळी उताणे झोपवून गुडघे किंचित वाकवावेत, जखमेवर स्वच्छ धुतलेला ओलसर कपडा झाकावा, तोंडाने काही देऊ नये आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे. काही बाहेर आलेले दिसले तर ते आत ढकलायचा प्रयत्न करू नये. असे क्वचितच घडते, पण घडते तेव्हा तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो.

आठव्या दिवशी ती लेक आईला आणि आजींना घेऊन दवाखान्यात येते. टाके निघतात. जखम कोरडी आहे. डॉक्टरीणबाई हात धुऊन खुर्चीत बसतात आणि विचारतात, "जेवण कसं चाललंय?"

लेक आईकडे पाहते. आई आजींकडे.

"भाकरी-तूप देतोय की," आजी म्हणतात. "भात नाही हो देत. पू नको व्हायला."

"आजी, तुम्ही लाडू केलेत ना? ते चालू ठेवा. आणि आज घरी गेल्यावर हिला वरणभात वाढा. वर लिंबू पिळून. तुमच्या हातानं वाढा, म्हणजे ती निर्धास्त खाईल."

आजी थोडा वेळ गप्प बसतात. मग विचारतात, "आणि अंघोळ?"

"आजच. डोक्यावरून."

"बरं. पण पाण्याची बादली?"

"बादली जावयाला उचलायला सांगा," डॉक्टरीणबाई म्हणतात. "सहा आठवडे."